दुसरं इंजिन

समोरून येणाऱ्या गाडीला रतनसिंगनं हात उचलून सलाम केला, आणि ती निघून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की गाडी आपलीच होती. मोटरस्टँडवरून तो मालकांच्या जिनाकडे, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याकडे, चालला होता. अकोल्याच्या सर्विस मोटरीनं आलेलं रबरी नळ्यांचं पार्सल त्याच्या काखेत होतं. आवाज ऐकून तो रस्त्याच्या कडेला झाला होता, गुळगुळीत, दबका, एकसारखा आवाज, कुणी मोठा साहेब नागपूरकडून आला असावा असा. साहेबाची गाडी म्हटल्यावर हात आपोआप वर गेला. वर्षानुवर्षांची सवय. मग धुळीतून डाव्या मडगार्डचा पोचा दिसला. तो पोचा त्यानंच एका पुलाच्या कठड्यावर पाडून घेतला होता, आणि त्यानंच लाकडी हातोडीनं जमेल तेवढा काढला होता. चाक उदयसिंगच्या हातात होतं, नवं इंजिन बसवायला आलेल्या मेकॅनिकच्या. मागच्या सीटवर, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोक्यावरचा पदर खांद्यावर उडालेली, धनीबाई बसली होती. त्याची बायको. ती हसत होती का, हे त्याला नीट दिसलं नाही. आणि मग तेच न दिसलेलं हसू कितीतरी वेळ त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. वर गेलेला हात खाली कसा आणावा हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं त्याच हातानं टोपी सारखी केली, जणू हात तेवढ्यासाठीच वर गेला होता. रस्त्यावर पाहायला कोणी नव्हतं. एक गाढव होतं, आणि तेही दुसरीकडे तोंड करून उभं होतं.

आपल्या गाडीचा आवाज आपल्याला ओळखू येऊ नये, याचं त्याला राहून राहून आश्चर्य वाटत होतं. जुनं इंजिन असताना तो घरात पडल्या पडल्या सांगू शकला असता, की मालकांच्या फाटकातून गाडी कुणी ढकलली, का नुसतं दार उघडून पाहिलं. आठ सिलिंडरची ती अमेरिकन गाडी बापूरावांनी लढाईच्या आधी घेतली, तेव्हा वाशीमपासून अकोल्यापर्यंत तिच्यासारखी धावणारी दुसरी गाडी नव्हती. बापूरावांना वेगाचं वेड होतं. जिनात सरकीच्या ढिगावर बसून सौदे करणारा, हळू बोलणारा, हळू चालणारा हा माणूस गाडीत बसला, की मागून रतनसिंगच्या खांद्यावर बोटं वाजवायचा, ‘अजून, रतन, अजून.’ मालेगावच्या पुढच्या उतारावर काटा अशा ठिकाणी जायचा, की खालची जमीन आहे का नाही हे कळत नसे. रतनसिंग तेव्हा नुकता तांड्यातून आला होता, अनसिंगच्या पलीकडून. बैलांच्या पाठीवर हात ठेवून चालायची सवय असलेला मुलगा. पहिल्यांदा चाकावर हात ठेवला तेव्हा ती थरथर हातातून खांद्यात आणि खांद्यातून छातीत गेलेली त्याला अजून आठवत होती. मैलांचे आकडे भरून परत शून्यावर आले, पुन्हा भरत आले. इंजिन तेल प्यायला लागलं, मागून निळा धूर काढायला लागलं, सकाळी कुरकुरायला लागलं. आणि नेमकं तेव्हापासून ते पुरतं त्याचं झालं. ते चालू करायचं म्हणजे चोक किती ओढायचा, मग किती थांबायचं, बटन दाबताना पायानं किती हलकं दाबायचं, हे फक्त त्यालाच माहीत होतं. मालकांनी दोनदा प्रयत्न करून पाहिला, गाडी नुसती खोकली. ‘हे तुह्यंच ऐकते बापा,’ असं म्हणून ते खाली उतरले. ते वाक्य रतनसिंगनं जपून ठेवलं होतं. कुणी पगार विचारला, की तो पगार सांगायचा आणि मग हे वाक्य सांगायचा.

तो जिनात पोचला तेव्हा गाडी कडुनिंबाखाली उभी होती आणि बापूराव तिच्याभोवती फिरत होते. नव्या बायकोभोवती फिरावं तसे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला आपल्याच मनाची किळस आली. धनीबाई तिथं नव्हती. उदयसिंग बॉनेट उघडून आत वाकला होता. रेडिएटरच्या गळक्या जुन्या नळीवर त्यानं ताडपत्रीची चिंधी गुंडाळून घेतली होती. तेवढ्यावर त्यानं गाडी दुसऱ्या रस्त्यानं फिरवून आणली होती.

“अरे रतन, होता कुठी तू?” बापूराव म्हणाले. “ऐकली का गाडी?”

“ऐकली, मालक.”

“कशी?”

“चांगली हाये.”

“चांगली? अरे, आवाजच येत नाई! म्या आता सोता चालू केली. बटन दाबलं का चालू! पोट्टंबी चालवीन.” बापूराव आपल्या अंगठ्याकडे पाहून हसले. “धनीबाई डबा घेऊन आल्ती या उदयसिंगचा. म्हटलं, बस वो बाई, तूबी पाह्य. लय भेली पहिले.”

म्हणजे मालकांनीच बसवलं. उदयसिंगनं नाही. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण ‘लय भेली पहिले’ यातला ‘पहिले’ त्याच्या पायात काट्यासारखा मोडून राहिला. पहिले भ्यायली, म्हणजे नंतर भ्यायली नाही. नंतर काय झालं? त्यानं पार्सल उदयसिंगच्या हातात दिलं. उदयसिंगनं ते हुंगलं. तो प्रत्येक वस्तू आधी हुंगायचा, हेही रतनसिंगला आवडत नसे. तो म्हणाला, “अस्सल रबर हाये दादा. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो, पण मालक काई आयकेनात.”

हा उदयसिंग त्यांच्यातलाच, लमाणच होता, दिग्रसकडच्या तांड्यातला. लढाईत फौजेच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करत तो थेट आसामपर्यंत गेला होता. लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली तरी त्याची खाकी पँट टिकून होती. मिलिटरीच्या मोडीत निघालेल्या ट्रकचं इंजिन, गाडीच्याच जातीचं पण जास्त ताकदीचं आणि फारसं न वापरलेलं, त्यानं अकोल्याला कुठल्याशा गोदामात हेरलं, आणि बापूरावांच्या कानावर घातलं. बापूराव रतनसिंगला म्हणाले होते, ‘तुमच्यातलाच हाये, तुह्यापाशीच राहू दे त्याले.’ तसा तो पडवीत राहायला आला. एक वळकटी, एक लोखंडी पेटी. पहिल्याच दिवशी तो धनीबाईशी गोरमाटीत बोलायला लागला. रतनसिंगनं ती बोली घरातून केव्हाच काढून टाकली होती. गल्लीतल्या लोकांनी लमाण म्हणू नये म्हणून त्यानं धनीबाईला घागरा सोडायला लावला, हातातल्या बांगड्या उतरवायला लावल्या, वऱ्हाडी बोलायला लावलं. ती बोलायची, पण मोजकं, पाहुण्याच्या घरी बोलावं तसं. आणि आता तो संध्याकाळी घरी यायचा तर आतून तांड्यातली बोली भरभर वाहत असायची, कुणाची तरी आजी, कुणाचा तरी बैल, होळीतलं कुठलं तरी भांडण. तो दारात आला, की दोघं वऱ्हाडीवर यायची. त्याच्यासाठी. तो दारातच उभा राहून चपला काढायला उगाच वेळ लावायचा, आणि त्या चपलांच्या पट्ट्यांकडे पाहताना त्याला वाटायचं, आपणच इथं वळकटी घेऊन आलोत.

जुनं इंजिन काढलं तो दिवस त्याला आठवायचा नव्हता. कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून त्यांनी ते वर उचललं. इतकी वर्षं ज्याच्यावर फडकं मारलं, ज्याच्या आवाजावर झोप ठरली, ते एकदम सगळ्यांसमोर अधांतरी लोंबायला लागलं, खालून काळं तेल गळत होतं, तारा लोंबत होत्या. जिनातले हमाल हातातलं काम टाकून पाहत होते. एकजण म्हणाला, ‘एवढूसंच हाये का?’ रतनसिंगला वाटलं, कुणीतरी याच्यावर पांघरूण घालावं. उदयसिंगनं वरचं झाकण काढलं, सिलिंडरमध्ये बोट घातलं आणि आतली कड चाचपत म्हणाला, ‘दादा, याच्या तर भिंतीच राह्यल्या नाईत. तुमी एवढे दिवस चालवली कशी?’ ते कौतुक होतं. बापूरावांनाही ते कौतुकच वाटलं, ते मान हलवून हसले. पण रतनसिंगला त्या बोटाखेरीज काही दिसत नव्हतं. उदयसिंगनं ते बाहेर काढून पँटीला पुसलं. इंजिन शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवलं गेलं. ते तिथं होतं. मोडीत दिलं नव्हतं. नवं बसलं नाही, तर जुनं परत चढवता येईल, असं बापूराव म्हणाले होते, आणि रतनसिंगनं ते ऐकून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा उदयसिंग नदीवर अंघोळीला गेला होता. धनीबाई चुलीपुढे बसली होती. तिच्या केसांत अजून धूळ होती. तो पाटावर बसला. मग त्यानं ठरवलं होतं त्याच्या अगदी उलट सुरुवात केली.

“कशी वाटली गाडी?”

“बरी.”

“भेली म्हने तू.”

“मंग? कधी बसली होती काय मी?” तिनं फुंकणी खाली ठेवली. “इतके वर्स झाले. गाडी तुमच्या हातात. मी कधी बसली?”

“मालकाची गाडी. आपल्या बायका बसवतेत काय त्यात?”

“आज मालकानंच बसवलं.”

तो म्हणाला, “अन् हासून राह्यली होती मोठी.”

धनीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळख पटवून घेतल्यासारखं. “तुमी कुठी होता?”

सलाम करत होतो, असं सांगणार होता काय?

“हासली असन,” ती म्हणाली. “वारं लागलं तोंडाले. शिरपूरच्या वक्ताले धूळ लागली होती, थे आठोते काय तुमाले? मी सर्विसमंदी होती. तुमी रिकामी गाडी घेऊन चाल्ले होते पाहुन्याले आनाले. मी म्हटलं होतं, मले घेऊन चाला. तुमी म्हटलं, मोटरीनं जाय.”

त्याला आठवत होतं. शिरपूरला तिच्या बहिणीचा नवरा देवळाच्या बांधकामावर कामाला होता, त्यांच्याकडे ती जाणार होती. त्याला हेही आठवत होतं, की ती कुठल्या मोटरीत आहे ते त्याला ठाऊक होतं. ती मोटर दिसल्यावर त्यानं मुद्दाम पाय खाली दाबला होता. इंजिन तेव्हा ऐन भरात होतं. मोटरीच्या बाजूनं जाताना त्यानं एकदा वर, खिडक्यांकडे पाहिलंसुद्धा होतं. ती पाहत असेल, आपला नवरा कशी गाडी हाकतो ते, आणि शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून सांगत असेल, असं त्याला वाटलं होतं. कित्येक दिवस तो त्या सुखात होता. ती आपण होऊन काही बोलेल म्हणून त्यानं वाटही पाहिली होती. आता पहिल्यांदाच त्यानं तो रस्ता मोटरीच्या खिडकीतून पाहिला. एक काळी गाडी आली आणि गेली, आणि मग काहीच दिसेना, सगळ्या बायकांनी पदर तोंडाला लावले, एक लहान पोर खोकायला लागलं. आणि ती काय म्हणाली असेल शेजारणीला? काहीच नाही. गाडी कुणाची, हे तिनं सांगितलंच नसेल.

बाहेर उदयसिंगचं खाकरणं ऐकू आलं. धनीबाईनं पदर सारखा केला. ओला टॉवेल खांद्यावर टाकून तो आत आला आणि म्हणाला, “भाभी, पाणी काय थंड होतं वो!” एवढंच. पण ‘भाभी’ हा शब्द तो असा उच्चारायचा, की त्यात एक आख्खा तांडा उभा असायचा. रतनसिंग जेवला. नेहमीसारखी एकाच बाजूला तूप लावलेली भाकरी तोंडात फिरत राहिली. त्याला वाटलं, हा माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं. त्यानं एकदा तरी नजर वाकडी करावी, एकदा तरी भलता शब्द बोलावा. पण तो सरळ जेवत होता, आणि ताट स्वतः उचलून नेत होता. हे रतनसिंगनं आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि आता केलं तर ते त्याचं पाहून केल्यासारखं झालं असतं.

सकाळी बापूराव म्हणाले, “उदयसिंगनं लय केलं. नळ्या तू बसव रतन. मंग शिरपूरले जाऊन येऊ. गाडी मीच चालवीन.” ते इतक्या सहज म्हणाले, की त्यांना आपण काय बोललो हे कळलंसुद्धा नाही. रतनसिंग गाडीखाली शिरला. रेडिएटरच्या खालच्या नळ्या बसवायला अंगाचं वेटोळं करावं लागायचं. तोंडाजवळ नवं इंजिन होतं, त्याला रंगाचा वास येत होता. जुन्याला जो वास होता, तोच त्याच्या स्वतःच्या अंगाला होता. उजवीकडची नळी त्यानं चढवली, तिच्यावरची लोखंडी पट्टी स्क्रूनं आवळली. डावीकडची चढवली. स्क्रू फिरवला, आणि मध्येच हात थांबला. अजून थोडी आवळायची होती, हे त्याच्या मनगटाला कळत होतं. विचारायचीही गरज नव्हती. पण हात थांबला होता, आणि तो त्या थांबलेल्या हाताकडे पाहत राहिला. आपण काही करत नाही आहोत. काही तोडलं नाही, काही कापलं नाही. नुसतं थांबलोय. माणूस थांबू शकतो. वरून उदयसिंगनं विचारलं, “झालं काय दादा?” तो म्हणाला, “हाव.” आणि बाहेर आला. त्या ‘हाव’नंतर परत आत शिरणं शक्य नव्हतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हात पुसताना त्याची नजर शेडच्या कोपऱ्यात गेली. पोत्यावर ते होतं. त्यानं लगेच नजर काढून घेतली, कुणी पाहील म्हणून.

बापूरावांनी बटन दाबलं. गाडी चालू झाली. उदयसिंग त्यांच्या शेजारी बसला, आणि रतनसिंग मागे. तो या गाडीत मागे कधी बसला नव्हता. तिथून रस्ता वेगळा दिसत होता. दोन डोक्यांच्या मधून थोडा थोडा, उसना मिळाल्यासारखा. धनीबाई काल इथं बसली होती. पुढच्या सीटची पाठ तिनं धरली होती ती जागा त्यानं हातानं चाचपली. तूर काढून झाली होती, शेतं उघडी होती, लांबवर ज्वारीचे एकदोन तुकडे. बापूराव आधी भीत भीत, मग जोरात चालवायला लागले. गिअर बदलताना दाते खरखरले, की उदयसिंग हळूच म्हणायचा, “आता दाबा. आता सोडा.” त्याच्या आवाजात कंटाळा नव्हता. आणि इंजिन सगळं सोसत होतं. चुकीच्या हाताला, चुकीच्या पायाला, कुणालाही ते हो म्हणत होतं. रतनसिंगला त्याची चीड आली. असं कुणालाही हो म्हणायचं असेल तर एवढी ताकद कशाला?

मग वास आला. गरम लोखंडावर पाणी पडल्याचा, थोडा गोडसर वास. पुढच्या दोघांना तो आला नव्हता. त्यांच्या तोंडावर वारा होता. फक्त त्याला आला. तो सीटच्या पाठीला टेकून बसला. आता बोलायचं नव्हतं. थोडा वेळ नुसतं बोलायचं नाही, सकाळी हात थांबवला तसं तोंड थांबवायचं. पाणी जाईल. इंजिन तापेल. बापूरावांना कळणार नाही, ते पाय दाबतच राहतील, ‘अजून, अजून’ म्हणणारा माणूस. वरचं झाकण तडकेल. मग फौजेतल्या मेकॅनिकची पेटी मोटरीच्या टपावर चढेल. मग कडुनिंबाला परत साखळी बांधली जाईल. त्यानं ते सगळं एका वळणात पाहून घेतलं, आणि त्याला सुख झालं. खरं सुख, पोटातून उठणारं. आणि तेव्हाच इंजिनाचा आवाज बदलला. अगदी थोडा. धाप लागलेल्या जनावराच्या बरगडीतून यावा तसा एक कोरडा ठोका त्या गुळगुळीत आवाजाखालून यायला लागला. आणि रतनसिंगचा पाय आपोआप पुढे जाऊन फळीवर दाबला गेला, जिथं ब्रेक नव्हता तिथं. त्यानं दात आवळले. पाय पुन्हा दाबला गेला. माणसाचं काही होवो, मशीन असं बोलायला लागलं की त्याला ते सहनच होत नसे. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, “थांबवा! मालक, बंद करा!”

वाफ बॉनेटच्या फटींतून बाहेर आली तेव्हा गाडी एका मळ्याच्या कडेला उभी होती. मळ्यातली एक म्हातारी, गोजराबाई नाव तिचं, वांगी तोडता तोडता कमरेवर हात ठेवून बघायला आली. “आगीनगाडी होय काय वो हे?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता विहिरीकडे बादली आणायला गेली. उदयसिंग खाली वाकला. डावीकडची नळी, ओली झालेली पट्टी. त्यानं पट्टीला बोट लावलं, ती सहज फिरली. तो तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं मान वळवून रतनसिंगकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न नव्हता. रतनसिंगला वाटलं, आता. आता बोलेल. बोलू दे. तो बोलला तर सगळं मोकळं होईल, मग आपणही ओरडू.

“माह्याच्यानं ढिली राह्यली, मालक,” उदयसिंग म्हणाला. “दादानं बसवली, पण शेवटाले आवयाची मी म्हटलं होतं. इसरलो.”

बापूरावांचा चेहरा उतरला. “अरे बापा! फौजेत असंच करत होता काय?”

“चुकलं, मालक.”

“चुकलं! रतन वरडला नसता तं आज बोंबलली असती गाडी.”

गोजराबाईनं आणलेलं पाणी इंजिन निवल्यावर थोडं थोडं ओतलं. पट्टी उदयसिंगनं आवळली. शिरपूरला कुणी गेलंच नाही. परत येताना चाक रतनसिंगच्या हातात होतं. बापूरावांनीच दिलं. गाडी अशी पळत होती, की त्याच्याकडून तिला काहीच नको होतं. आणि त्याच्या मागे उदयसिंग बसला होता. आता चांगुलपणाही त्यानंच घेतला, असं रतनसिंगला वाटत होतं. माझ्यासाठी काय ठेवलं यानं? जिनात बापूराव उतरून गेल्यावर त्यानं उदयसिंगला शेडमागे गाठलं.

“काहून बोलला तसं?”

उदयसिंग हात धूत होता. “तुमाले इथंच राहाचं हाये, दादा. मले कुठंबी काम भेटते.”

हे त्यानं फुशारकीनं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो खरं सांगत होता. त्याला कुठंही काम भेटत होतं.

दिवेलागणीच्या आधी बापूरावांनी रतनसिंगला ओसरीवर बोलावलं. ते सुपारी कातरत होते. “याले जिनात ठेवाचं म्हनत होतो मी. मशीनवर,” ते म्हणाले. “पण असा इसराळू मानूस मशीनवर नाई चालत. कोन्या गड्याचा हात जाईन. सकायी जाऊ दे त्याले.” जिनात ठेवायचं होतं, हे रतनसिंगला माहीत नव्हतं. म्हणजे तो इथंच राहिला असता. रोज. आणि मग तो म्हणाला. का म्हणाला हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

“मालक, पट्टी म्या ढिली ठेवली होती.”

बापूरावांचा अडकित्ता थांबला. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग त्यांचे डोळे ओलसर झाले. “तू लय भला मानूस हायेस रतन,” ते म्हणाले. “तुमच्यातला हाये म्हणून वाचवून राह्यला त्याले. जाय. घरी जाय.”

आणि रतनसिंग गेला. ओसरीच्या पायऱ्या उतरताना त्याला हलकं वाटत होतं. सांगून झालं होतं. खरं तेच सांगितलं होतं. यापुढे कुणी न ऐकलं तर त्यात त्याचा काय दोष? आणि सकाळी उदयसिंग जाणार होता. हे दोन्ही एकदम कसं मिळालं, याचं त्याला नवल वाटत होतं. त्या रात्री उदयसिंगला मालकांचा निरोप देऊन तो आडवा झाला, आणि पडल्याबरोबर त्याला झोप लागली.

सकाळी उठला तेव्हा पडवीतली वळकटी बांधलेली होती. उदयसिंग पेटीची कडी बसवून घ्यायला लोहाराकडे गेला होता. धनीबाई परातीपुढे बसून भाकऱ्या थापत होती, वाटेसाठी. तिला सगळं माहीत होतं. उदयसिंगनं सांगितलं नसणार, पण तिला माहीत होतं, हे तिच्या थापण्याच्या आवाजावरून कळत होतं.

“म्या सांगतलं मालकाले,” तो म्हणाला. न विचारता. “पट्टी माह्याच्यानं ढिली राह्यली म्हणून. खरं सांगतलं. त्याहीचा इस्वासच नाई बसला.”

धनीबाईनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. “एकडाव सांगतलं?”

“हाव.”

“दुसऱ्यांदा काहून नाई सांगतलं?”

तो उभा राहिला. बाहेर कुणाची तरी बैलगाडी चालली होती, चाकाला वंगण नव्हतं, ती किरकिरत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथं वळली. धनीबाईनं भाकरी उलटली. त्याला तिचा एवढा राग कधी आला नव्हता. तिनं हे कुणासाठी विचारलं? उदयसिंगसाठी का आपल्यासाठी? हे कळायला काही मार्ग नव्हता, कधीच मिळणार नव्हता. आणि तरी त्यानं टोपी घातली.

बापूराव अंगणात दात घासत होते. रतनसिंगनं सगळं सांगितलं. या वेळी त्यानं नुसतं ढिली राहिली असं म्हटलं नाही. हात कसा थांबला ते सांगितलं. उदयसिंगनं विचारलं तेव्हा आपण ‘हाव’ म्हटलं, ते सांगितलं. वास आधी आपल्याला आला आणि आपण गप्प बसलो, हे सांगितलं. बापूराव तोंडातलं दातवण काढून ऐकत राहिले. बोलणं संपल्यावर त्यांनी चूळ भरली, आणि पंच्यानं तोंड पुसलं, फार सावकाश.

“काहून केलं?”

“गाडी तुमच्यानं चालू झाली, मालक.”

हे उत्तर बापूरावांना कळलं का नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. त्यांनी हात पुढे केला. रतनसिंगनं खिशातून चावी काढून त्या हातावर ठेवली. ठेवता ठेवताच मनात आलं, की आता ही कुणाच्या खिशात राहील, आणि कोणत्या खिशात, खाकी पँटीच्या का. इतकं सगळं बोलून झाल्यावरही तो जळका निखारा तसाच्या तसा आत होता, कणभरही विझला नव्हता.

“सरकीच्या गोदामावर बसत जाय आजपासून,” बापूराव म्हणाले. “अन् उदयसिंगले बलाव.”

तो घरी आला तेव्हा उदयसिंग पेटी डोक्यावर घेऊन दारात उभा होता आणि धनीबाई फडक्यात बांधलेलं गाठोडं त्याच्या हातात देत होती. दोघं गोरमाटीत बोलत होती. त्याला पाहून थांबली.

“मालकानं बलावलं तुले,” रतनसिंग म्हणाला. “जिनात कामाले ठेवतेत. गाडीबी तुह्याचपाशी देतीन, मले वाटते.”

उदयसिंगनं पेटी खाली ठेवली. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, मग रतनसिंगच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं, आणि तो तसाच जिनाकडे निघून गेला. धनीबाई गाठोडं हातात घेऊन उभी होती. मग तिनं पाट मांडला, गाठोडं सोडून भाकऱ्या ताटात ठेवल्या आणि गोरमाटीत म्हणाली, सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाही, जेवा. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच त्या बोलीत बोलली होती, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं, किंवा आलं असेल. तो बसला. दुसऱ्यासाठी केलेल्या भाकरीचा तुकडा त्यानं मोडला आणि तोंडात घातला. भूक लागली होती. चावता चावता त्याच्या जिभेला कळलं, आणि त्यानं उरलेली भाकरी उलटून पाहिली.

तूप दोन्ही बाजूंनी लावलेलं होतं.